सीताफळाला कात्री कधी लागली?

बीड जिल्ह्याचं नाव बाहेरच्या माणसासमोर घेतलं की बहुतेक वेळा दोनच गोष्टी पुढे येतात. एक दुष्काळ आणि दुसरी ऊसतोड. मी तिसरी सांगतो, सीताफळ. यावर पुण्यातल्या मित्रमंडळींचं उत्तर ठरलेलं असतं, "ते तर रानात आपोआप येतं ना?"

प्रश्न बरोबर आहे आणि आजचा लेख त्याच्यावरच आहे. बालाघाटाच्या डोंगरात जे झाड कुणी लावलं नाही, कुणी पाणी घातलं नाही, त्याच झाडाची आज पाच बाय पाच मीटरवर ओळीत लागवड होते आणि पहिली तीन वर्षं त्याला कापून-छाटून आकार दिला जातो. रानातल्या झाडाला कात्री कधी लागली, आणि का? (आधीच सांगतो, मी शेतीतज्ज्ञ नाही. पोटासाठी कोड लिहितो. पण आजोळ धारूरकडचं, त्यामुळे या झाडाशी ओळख जुनी.)

तर पहिला धक्का असा, की सीताफळ मुळात आपलं नाहीच! नावात सीता असली तरी बहुतेक वनस्पतिशास्त्रज्ञांच्या मते हे झाड उष्ण कटिबंधातल्या अमेरिकेतलं आणि कॅरिबियन बेटांकडचं. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांबरोबर ते इकडे आलं असं साधारण मानतात. यावर वाद नाही असं नाही. एकोणिसाव्या शतकात अलेक्झांडर कनिंगहॅम साहेबांनी भारहुत आणि मथुरेच्या शिल्पांत सीताफळ ओळखल्याचा दावा केला होता. २००९ साली उत्तर प्रदेशातल्या टोकवा या उत्खननातून सीताफळाची जळालेली बी मिळाल्याचा शोधनिबंधही आला. तेव्हा कोलंबसाच्या आधीच ते इथे होतं असं म्हणणारा एक पक्ष आहे. माझं मत विचाराल तर शिल्पातलं खवल्यांचं फळ काहीही असू शकतं आणि एकट्या बीवर मी तरी पैज लावणार नाही. असो. आलं कुठूनही असो, मराठवाड्याच्या मुरमाड डोंगरात ते असं रुजलं की दौलताबाद, माहूर, धारूर, अंबाजोगाई ही नावं आणि सीताफळ हे समीकरणच झालं.

ते इतकं का रुजलं याचं एक कारण फार साधं आहे. शेळी त्याला तोंड लावत नाही. सीताफळाचा पाला आणि बिया कडू, विषारी असतात (बियांची पूड उवा मारायला वापरत, आणि ती डोळ्यात गेली तर डोळा दुखावतो). ज्या माळावर शेळ्या-मेंढ्या बाभळीचा पालाही शिल्लक ठेवत नाहीत, तिथे हे एकच झाड हिरवंगार उभं राहतं. गंमत बघा. ग्रीक प्रवासी पौसानियस दुसऱ्या शतकात लिहून गेला आहे, की नाफ्प्लिया गावात खडकावर गाढवाचं चित्र कोरलं होतं. कारण काय, तर गाढवाने द्राक्षवेलीचे शेंडे खाल्ले आणि पुढच्या हंगामात त्या वेलीला जास्त द्राक्षं लागली, त्यावरून माणूस छाटणी शिकला म्हणे. कथा खरी असो-नसो, पण विचार करा, आपल्याकडच्या सीताफळाला असा चार पायांचा गुरू भेटण्याची शक्यताच नव्हती. शेळीने सोडलं, म्हणून ते जगलं, आणि शेळीने सोडलं म्हणूनच ते कुणी छाटलंही नाही.

डोंगरातलं सीताफळ तुम्ही पाहिलं असेल तर ते "झाड" कमी आणि "झुडूप" जास्त असतं. जमिनीपासूनच पाच-सात फांद्या, एकमेकींत गुंतलेल्या. कुणी जळणासाठी एखादी कोयत्याने उतरवली, की बुंध्यातून चार नवे फुटवे. फळं बाहेरच्या बाजूला, आत नुसता काळोख आणि पिठ्या ढेकूण. पण त्याची तक्रार कोण करणार? ते झाड कुणाचंच नव्हतं. दसऱ्याच्या आगेमागे पाटी घेऊन डोंगरात जायचं, डोळे उघडलेली फळं तोडायची (खवल्यांमधल्या फटी पांढरट-पिवळ्या झाल्या की डोळा उघडला म्हणतात), गवतात पिकवायची आणि बाजाराच्या दिवशी विकायची. हे काम बहुतेक बायांचं, आणि त्यातही ज्यांना शेत नाही त्यांचं. दुष्काळात गरिबांनी सीताफळावर दिवस काढल्याच्या नोंदी इंग्रजांच्या काळातल्या वनस्पतिग्रंथांत आहेत. थोडक्यात काय, हे फुकटचं फळ होतं आणि फुकटच्या गोष्टीवर कुणी मेहनत घेत नाही.

म्हणजे मराठवाड्याला छाटणी माहीतच नव्हती का? तसं अजिबात नाही. इब्न बतूता चौदाव्या शतकात दौलताबादला आला होता. तो लिहितो की इथे द्राक्षं आणि डाळिंबं होतात आणि वर्षातून दोनदा येतात. थंड देशातली द्राक्षवेल हिवाळ्यात झोपी जाते, उन्हाळ्याच्या तोंडाला उठते आणि एकदाच फळते. आपल्याकडे तिला झोपवणारा हिवाळाच नाही, त्यामुळे वेलीला कधी फुटायचं हे माणसालाच सांगावं लागतं, ते पाणी तोडून किंवा काडी छाटून. म्हणून वर्षात दोन पिकं म्हणजे कुणाच्या तरी हातात सुरी असणार, असा माझा तर्क आहे. आजही नाशिक-सांगलीकडे वर्षात दोन छाटण्या होतात. एप्रिलची खरड छाटणी काडी तयार करायला आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी फळ घ्यायला.

त्याहून मागे जायचं तर सहाव्या शतकातला वराहमिहिर. त्याच्या बृहत्संहितेत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. झाडाला रोग झाला तर आधी शस्त्राने तो भाग साफ करा, मग वावडिंग, तूप आणि चिखल यांचा लेप द्या, असा त्याचा सल्ला आहे. कापा आणि जखम बुजवा! आज कृषी विभागाच्या कुठल्याही पत्रकात छाटणीनंतर बोर्डो पेस्ट लावा असं लिहिलेलं असतं, म्हणजे एक किलो मोरचूद, एक किलो चुना, दहा लिटर पाणी. ही पेस्ट ज्या बोर्डो मिश्रणातून आली त्याची कथाही मजेशीर आहे. फ्रान्समध्ये बोर्डो शहराजवळ शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत, कशासाठी, तर येणाऱ्या-जाणाऱ्यांनी द्राक्षं चोरू नयेत! १८८२ मध्ये मिलार्दे नावाच्या प्राध्यापकाच्या लक्षात आलं की नेमक्या त्याच वेलींवर केवडा रोग नाही. १८८५ मध्ये त्याने ते प्रसिद्ध केलं. बाराशे-तेराशे वर्षांत लेपातलं तूप गेलं आणि तांबं आलं, तत्त्व तेच राहिलं.

इथे एक फरक लक्षात घ्यायला हवा. दौलताबादची द्राक्षं असोत की औरंगाबादची (आताचं छत्रपती संभाजीनगर) मोगलांच्या काळातली हिमायतबाग असो, ही सगळी भिंतीच्या आतली झाडं. त्यांना विहीर होती, माळी होता, मालक होता. सुरी फक्त भिंतीच्या आत चालली. भिंतीबाहेरच्या डोंगरावर कोयता चालला आणि तोसुद्धा जळणासाठी. मला वाटतं, फळझाडांचा आपल्याकडचा इतिहास या दोन पात्यांचा इतिहास आहे.

पुढे इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात पुण्याच्या गणेशखिंड बागेत फळांवर पद्धतशीर काम झालं. डॉ. गुरुचरणसिंग चीमा यांनी तिथेच आळंदीच्या डाळिंबाच्या रोपांतून निवड करून १९३६ मध्ये जो वाण पुढे आणला, तो 'गणेश'. बीड मात्र तेव्हा निजामाच्या राज्यात. सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थान, मग १९५६ पर्यंत हैदराबाद राज्य, मग द्वैभाषिक मुंबई आणि १९६० पासून महाराष्ट्र. मराठवाडा कृषी विद्यापीठ परभणीला आलं ते थेट १९७२ मध्ये, आणि ते वर्ष दुष्काळाचं! म्हणजे नाशिकच्या शेतकऱ्याला छाटणी शिकवणारी माणसं दोन पिढ्या आधीपासून होती. बालाघाटातल्या माणसाला तोवर सीताफळ हे "पीक" आहे असंही कुणी म्हटलं नव्हतं.

आता थोडं तंत्राकडे वळू. कापल्याने झाड चांगलं वाढतं हे पहिल्यांदा ऐकणाऱ्याला उलटंच वाटतं. आमच्या मामांनी एका भाच्याला कलमाचा शेंडा खुडताना पाहून विचारलं होतं, "जरा कुठं वाढाया लागलंय, अन् तू कापायलास?" या प्रश्नाचं उत्तर शोधायला विज्ञानालाही पन्नासेक वर्षं लागली. चार्ल्स डार्विन आणि त्याचा मुलगा फ्रान्सिस यांनी १८८० मध्ये दाखवलं की अंकुराच्या टोकातून खाली काहीतरी निरोप जातो. १९२०च्या दशकात हॉलंडच्या फ्रिट्स वेंटने तो निरोप म्हणजे एक रसायन आहे हे सिद्ध केलं, त्याला आपण ऑक्सिन म्हणतो. मग १९३०च्या दशकात थिमन आणि स्कूग यांनी घेवड्यासारख्या बाकल्याच्या रोपाचे शेंडे कापून त्या जागी ऑक्सिन लावलं, तर बाजूचे डोळे फुटलेच नाहीत. म्हणजे शेंडा असेपर्यंत तो खालच्या डोळ्यांना "थांबा" म्हणत असतो. शेंडा खुडला की तो हुकूम थांबतो आणि बाजूचे डोळे जागे होतात. आमच्या भाषेत सांगायचं तर छाटणी म्हणजे नवीन काही जोडणं नाही, एक परवानगी बदलणं आहे.

सीताफळाची यात आणखी एक खोड आहे. बहुतेक झाडांत पानाच्या बेचक्यात डोळा उघडा दिसतो. सीताफळात तो पानाच्या देठाच्या बुडाखाली झाकलेला असतो. पान गळल्याशिवाय त्या डोळ्याला बाहेर पडायला वाटच नाही! म्हणून जानेवारी ते मार्चमध्ये पानगळ झाल्यावर छाटणी केली तर झाड नीट फुटतं, आणि भर पानांत कापलं तर देठ काढून टाकावा लागतो. फुलं मुख्यतः नव्या फुटीवर येतात. त्यामुळे जुनं लाकूड तसंच ठेवलं तर फळं दरवर्षी लांब-लांब सरकत जातात आणि शेवटी शिडी घेऊन तोडावी लागतात.

आता लहान झाडाचं. मला समजलेला हिशोब असा. लागवडीनंतर पहिलं काम म्हणजे कलमाच्या जोडाखालचे फुटवे काढणे. हे गावठी खुंटाचे फुटवे असतात आणि ते जोमदार असतात. दोन पावसाळे दुर्लक्ष झालं तर वरचं नावाजलेलं कलम मरतं आणि आपण खुंटाचं झाड कौतुकाने वाढवत बसतो. (रोपवाटिकेवाल्याला शिव्या घालणाऱ्यांनी आधी आपल्या झाडाचा जोड तपासावा!) दुसरं काम म्हणजे एकच खोड ठेवून जमिनीपासून दीड-दोन फुटांपर्यंत ते मोकळं करणे. तिसरं, त्याच्या वर शेंडा खुडून चार दिशांना तीन-चार फांद्या निवडणे. त्या एकाच ठिकाणाहून निघालेल्या नकोत, वितीच्या अंतराने खाली-वर असाव्यात. फांदी आणि खोड यांच्यामधला कोन अरुंद असेल तर साल आत दबते, सांधा कच्चा राहतो आणि फळांच्या ओझ्याने किंवा वावटळीने फांदी फाटते. पुढच्या दोन वर्षांत याच फांद्यांवर दुय्यम फांद्या घ्यायच्या आणि मधला भाग उजेडासाठी मोकळा ठेवायचा. झालं! पुढची पंधरा-वीस वर्षं या सांगाड्यावर उभी राहतात. सांगाडा चुकला तर नंतर करवत लागते, आणि पहिल्या वर्षी जे काम नखाने होतं ते सहाव्या वर्षी करवतीने केलं तर झाडाला महिनोन्महिने भोगावं लागतं.

हे सगळं बीडला आलं कधी? माझ्या मते खरं वळण १९९० चं. त्या वर्षी महाराष्ट्राने फळबाग लागवड रोजगार हमी योजनेला जोडली. तोवर रोजगार हमी म्हणजे रस्ते, पाझर तलाव, खडी फोडणं. आता स्वतःच्या शेतात खड्डे खणून झाड लावलं तरी सरकार पैसे देणार होतं. कोरडवाहू शेतकऱ्याला फळबाग परवडेल असं पहिल्यांदाच वाटलं. बीडसारख्या साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या जिल्ह्यात जगतील अशी झाडं किती? बोर, चिंच, आवळा आणि सीताफळ. डोंगरातलं झाड बांधावर उतरलं ते असं. अंबाजोगाईला विद्यापीठाचं सीताफळ संशोधन केंद्र आलं, धारूर भागातून निवडलेला 'धारूर-६' आला. जुन्या हैदराबाद राज्यातल्याच महबूबनगरकडचा 'बाळानगर' आधीपासून होता. शेजारच्या बार्शी तालुक्यातल्या गोरमाळ्याच्या नवनाथ कसपटे यांनी स्वतःच्या शेतात निवड करून 'एनएमके-१ गोल्डन' काढला. २०१६ मध्ये बीडच्या सीताफळाला भौगोलिक मानांकन मिळालं. ज्या फळाला कुणी मालक नव्हता त्याला आता कायद्याने गाव मिळालं होतं.

२०१८ मध्ये भाऊसाहेब फुंडकर फळबाग लागवड योजना आली. तिचं अनुदान तीन वर्षांत ५०, ३० आणि २० टक्के असं मिळतं, आणि पुढचे हप्ते किती झाडं जिवंत आहेत यावर ठरतात. ही अट योग्यच आहे, नाहीतर कागदावर बागा उभ्या राहिल्या असत्या. पण जरा बारकाईने बघा. तीन वर्षं! झाडाचा सांगाडा ठरायची तीन वर्षं तीच आहेत. सरकार त्या तीन वर्षांत झाड जगलं का ते मोजतं, ते कसं उभं आहे ते मोजत नाही. आमच्याकडे सर्व्हर चालू आहे का एवढंच पाहणारे मॅनेजर असतात, आतला कोड कसा आहे ते कुणी उघडून पाहत नाही, तसंच हे. पहिली तीन वर्षं सगळं हिरवंगार दिसतं. खरं काय ते सातव्या-आठव्या वर्षी कळतं.

आणि आता मुख्य मुद्दा, ज्यासाठी मी एवढं लिहिलं. बीड जिल्हा कोयत्याचा जिल्हा आहे. ऊसतोडीच्या भाषेत तर नवरा-बायकोच्या जोडीलाच "एक कोयता" म्हणतात. पश्चिम महाराष्ट्रात सहकारी साखर कारखाने वाढले तसे बालाघाटातले कोयते दरवर्षी दसरा-दिवाळीनंतर तिकडे आणि कर्नाटकात जाऊ लागले, ते मार्च-एप्रिलमध्येच परततात. आता सीताफळाचं वेळापत्रक त्याच्या शेजारी मांडा. फळ येतं सप्टेंबर ते नोव्हेंबर. म्हणजे माणसं जायच्या तोंडावर, हातात चार पैसे येतील असं. जुन्या काळी डोंगरातल्या झाडाला माणसाची गरज नव्हती, त्यामुळे हे जुळून जायचं. झाड फळ द्यायचं आणि माणूस मोकळा. पण बागेतल्या झाडाची छाटणी कधी? जानेवारी ते मार्च. म्हणजे नेमकी तेव्हा, जेव्हा पातं चालवण्यात जगात कुणाला हार न जाणारे हे हात दोनशे-तीनशे किलोमीटरवर दुसऱ्याच्या फडात असतात!

हे मला फार लागतं. फळबाग ही स्थलांतर थांबवेल म्हणून लावली जाते, आणि तिला सगळ्यात जास्त गरज असते ती स्थलांतराच्याच महिन्यांत. पहिली तीन-चार वर्षं बागेतून उत्पन्न नाही, म्हणून माणूस फडावर जातो. तो जातो म्हणून झाड मोकाट वाढतं. मोकाट वाढलं म्हणून फळ उशिरा आणि बारीक येतं, मग पुन्हा उचल घ्यावी लागते. गोल फिरून तिथेच.

यातून वाट आहे का? माझ्या अल्पमतीप्रमाणे थोडी आहे, आणि ती झाडाच्याच स्वभावात आहे. मोठ्या झाडाची छाटणी पानगळीनंतरच हवी, त्याला इलाज नाही. ती आज गावोगावच्या मागे राहिलेल्या पोरांना शिकवून, मजुरीवर करून घेता येते. पण लहान झाडाचा सांगाडा घडवायला हिवाळ्याची वाट पाहायलाच हवी असं नाही. जून ते सप्टेंबर झाड जोरात वाढत असतं आणि तेव्हा माणसं गावातच असतात. जोडाखालचा फुटवा बोटभर असताना अंगठ्याने मोडता येतो. चुकीच्या दिशेची कोवळी फूट नखाने खुडता येते. नको असलेल्या बाजूची वाढ आठवड्याला एकदा फिरून थांबवता येते. जखम इतकी लहान की पावसातही लगेच भरते. ना कात्री, ना पेस्ट. शंभर झाडांमागे एका माणसाची सकाळ. देठाखालच्या डोळ्याची खोड लक्षात ठेवायची आणि जिथून फांदी हवी तिथलं पान काढायचं, एवढंच काय ते कौशल्य.

दसऱ्याला बैलगाडी किंवा ट्रॅक्टर भरायच्या आधी ज्याच्या झाडाला एक खोड आणि चार फांद्या दिसतात, त्याचं झाड पुढचे पाच महिने एकटं राहिलं तरी बिघडत नाही, कारण थंडीत सीताफळ स्वतःच झोपलेलं असतं. तेव्हा तुमच्यापैकी कुणाच्या गावाकडे नवी लागवड असेल तर पुढच्या श्रावणात जाऊन फक्त एक काम करा. खाली बसा, कलमाचा जोड शोधा आणि त्याच्या खालचं जे काही हिरवं असेल ते काढून टाका. बाकीचं मग सावकाश.